माही पोट्टी रडून राह्यली

अचलपूरच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात, अतिकुपोषित मुलांच्या वॉर्डात, मी तेव्हा नवीनच नर्स होते; हे काम झेपेल का, याची धास्ती होती. एका सकाळी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा एक माणूस आपल्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आला. तिची आई घरी ओली बाळंतीण, त्यामुळे पोरीजवळ तोच राहणार होता. पोरीचे पाय सुजलेले, डोळे थिजलेले. सुई टोचली तरी ती रडली नाही.

वॉर्डात बाकी सगळ्या बाया. पुरुष माणूस रात्री इथं कसा झोपणार, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा नातवाला घेऊन आलेल्या एका आजीनं निकाल दिला, "बापू, तू रात्री व्हरांड्यात झोप. रात्रीचं दूध आमी पाजतो."

दिवसा तो स्वतः पाजायचा. चमचा तो घाईनं तोंडाशी न्यायचा, दूध पोरीच्या गळ्यावर सांडायचं. आजी म्हणायची, "गाठ नाई उचलून राह्यला तू. दमानं घे."

काही दिवसांनी वजन केलं, तर ते कमी भरलं. त्यानं तिथंच पिशवी आवरायला घेतली. "सिस्टर, इथं आनून तं पोरगी अजून वाळून राह्यली! मी नेतो तिले."

मी त्याला पोरीचे पाय दाखवले. "बघा, सूज उतरली. अंगात साचलेलं पाणी गेलं, म्हणून काटा खाली आला. आता भरेल ती."

त्यानं ते बारीक पाय अंगठ्यानं दाबून पाहिले. मग पिशवी पुन्हा पलंगाखाली सरकवली.

त्यानंतर एका दुपारी वॉर्डातून आरोळी आली, "सिस्टर! माही पोट्टी रडून राह्यली!" मी धावत गेले. वाटी रिकामी झाली होती आणि अजून दूध हवं म्हणून पोरगी हातपाय झाडत भोकाड पसरून रडत होती. बाप हसत होता, आजी पदरानं डोळे पुसत होती. मलाही हुंदका आवरला नाही.

सुट्टी झाल्यावर पुढच्या तपासणीला पोरीची आई तान्ह्याला घेऊन सोबत आली. तिनं हात पुढं केले, तर पोरीनं बापाच्या गळ्याला मिठी मारली.

"पाहा सिस्टर, मले वळखतबी नाई," आई आधी हिरमुसली. मग तिलाच हसू फुटलं.

आता माझी बदली अकोल्याला झाली आहे. हे काम मला झेपेल, हा विश्वास मला त्या बापानं आणि त्या आजीनं दिला. तसं त्यांना कधी सांगायचं राहूनच गेलं.