डावी पाकळी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, गोकुळदास भावोजी, यांच्याशी माझं कधीच पटलं नाही. ताई होती तोवर निभावलं. ती गेल्यावर मात्र त्यांनी माझं डोकं खायला सुरुवात केली.

वीज खात्यात लाइनमन म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस. तारेजवळ फांदी दिसली की तोडायची, एवढंच ठाऊक. निवृत्त होऊन इब्रामपूरला घरी बसले तरी हात शिवशिवायचे. एका मंगळवारी त्यांनी विहिरीजवळचं बिंबलीचं झाड तोडून टाकलं. कारण काय, तर आंबट फळं पडून नव्या स्कूटरच्या सीटला डाग पडतात. स्कूटर चार हात बाजूला लावावी हे काही सुचलं नाही. झाड सुमंगलाताईने लावलेलं. त्याच्या बिंबल्या घालून ती बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, करायची आणि ते हुमण हेच महाशय दोनदा मागून घ्यायचे.

ताईने अबोला धरला. आदळआपट नाही, रडणं नाही. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, फक्त तोंडातून शब्द नाही. अगदीच अडलं तर ती घरातल्या बोक्याशी बोलायची. "बोक्या, तुझ्या धन्याक सांग, पेज वाढलेली आसा." भावोजीही कमी नाहीत. तेही बोक्यालाच सांगायचे, "बोक्या, सांग तिका, माका भूक नाय." आणि मग पाटावर बसून पोटभर जेवायचे. एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ताई पेजेचं भांडं उतरवून खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

पुढचे तेरा दिवस माणसं भेटायला येत राहिली. जो तो काय जोडी होती म्हणायचा. शेजारची सुविधा तर पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "तुमका दोघांका कधी मोठ्यान बोलताना आयकाक नाय." भावोजी मान खाली घालून बसले होते. सुविधाचं काही चुकलं नव्हतं. शेवटचे एकोणीस दिवस तर त्या घरात दोघं एकमेकांशी हळूही बोलली नव्हती.

तेराव्याची जेवणं उरकल्यावर त्यांनी मला मागच्या पडवीत नेलं आणि ही सगळी हकीकत सांगितली. मग विचारलं, "कृष्णा, ती माझ्यार राग धरून गेली काय रे?"

मला संताप आला. माझी बहीण होती ती. तिच्याशी बोलायचं तेव्हा बोलले नाहीत, आणि आता उत्तर मी द्यायचं. "माका काय म्हायत? माका इचारून गेली काय ती?" मी म्हटलं.

त्यानंतर ते मला दिवसातून तीनदा फोन करू लागले. प्रश्न तोच. शेवटी त्यांनीच तोड काढली. आमच्या धारगळच्या देवळात प्रसाद लावायचा. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. इब्रामपूरच्या देवळात चारचौघांत विचारायला त्यांना लाज वाटत होती. वर म्हणाले, "तिच्या माहेरचो देव. तिचा मन त्याकाच कळतला."

सोमवारी सकाळी मी त्यांना घेऊन गेलो. महादेवभटांनी पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "गोकुळदासबाब, गाराणा काय घालू?"

"एक गोष्ट समजून घेवची आसा."

"जमिनीची?"

"नाय."

"काय हरवला?"

"तसाच समजा."

"तसाच कसा समजू? देवाक काय सांगू मी?" भट वैतागले. मागे दोन बायका मुलीच्या लग्नाचं विचारायला ताटकळत होत्या, त्याही चुळबुळ करू लागल्या. मी भावोजींना कोपराने ढोसलं. तेव्हा ते एकदम मोठ्याने बोलले, "माझी बायल माझ्यार राग धरून गेली काय, ता इचार."

भटांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान वळवून गाऱ्हाणं घातलं.

पाकळी पडेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. भावोजी उठले आणि वारा उलटा लागतो म्हणत पंखा बंद करून आले. पुन्हा दहा मिनिटांनी उठून चालू केला. मागच्या बायका घामाघूम. दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी भटांनी त्या काढून घेतल्या आणि म्हणाले, "आज देव काय सांगणा नाय. घराक जावा."

"चार लोकांत माझा तोंड उघडून घेतलास, आणि आता घराक जाव?" भावोजींचा आवाज चढला. त्यांना ओढत बाहेर आणताना मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही स्कूटरपाशी पोचलो तर भट मागून आले. देवापुढे विचारलेलं दुसऱ्याला सांगायचं नसतं, असं आधी दोनदा बजावून मग त्यांनी सांगितलं. ताई येऊन गेली होती. जाण्याआधीच्या सोमवारी. तिने प्रसाद लावला होता, 'मी आधी बोलू काय?' म्हणून. डावी पाकळी पडली. तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावीच.

"मगे?" भावोजींनी विचारलं.

"मगे देवाकच रागान बोलली, तुका संसारातला काय कळता म्हणून. आठ दिस रवतंय म्हणाली. तेवढ्यात तो बोल्लो तर बरा, नायतर फुडल्या सोमवारी तुका इचारल्याशिवाय बोलतलंय."

तो सोमवार मला आठवला. ती आमच्याकडेही आली होती. कोकमाची सोलं दिली, पाय दुखतात म्हणाली, चहा घेऊन गेली. अबोल्याबद्दल मला एका शब्दाने बोलली नाही. मी विचारलं असतं तर बोलली असती, पण मी टीव्ही बघत होतो.

भावोजी तडक आत गेले. चपला काढायचंही भान नव्हतं. उंबऱ्यात उभे राहून देवाला म्हणाले, "उजवी टाकली असती तर तुझा काय गेला असता? तिका रव म्हणालास, माका तरी बोल म्हणाक होया होता."

भट मागोमाग आले, चपलांकडे एकदा पाहिलं आणि समईत तेल घालू लागले.

इब्रामपूरपर्यंत ते माझ्या मागे बसून सगळ्यांना शिव्या घालत होते. देवाला, भटांना, पंख्याला, स्कूटर हळू चालवतो म्हणून मला. मीही दोनचार सुनावल्या. घरी पोचल्यावर कुलूप काढून ते स्वयंपाकघरात गेले. बोका रिकाम्या चुलीपाशी बसला होता. मला वाटलं आता याच्यावर डाफरणार. पण ते त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"बोक्या," ते म्हणाले, "सांग तिका, मी आधी बोल्लंय."

बोक्याने ऐकून घेतलं आणि आपल्या थाळीकडे बघत बसला.