जनरल मॅनेजरचा निवाडा

विनया खानविलकरांनी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका म्हणून काढली. न्यायाधीश सांगायचे, त्या टिपून घ्यायच्या. हजारो निकाल त्यांच्या बोटांखालून गेले, पण त्यातला एकही त्यांचा नव्हता. म्हणून गेल्या जानेवारीत त्यांची मैत्रीण रोझमेरी टीचर भुईगावहून स्कूटरवर त्यांच्या फ्लॅटवर आली आणि म्हणाली, "विनयाताई, आमच्या क्लबात एक निकाल द्यायचाय, येता का?" तेव्हा विनयाताईंना मनातून गुदगुल्याच झाल्या.

"कुणाचा?"

"प्लासिडचा."

प्लासिड नऊ वर्षं भुईगावच्या फुटबॉल क्लबाचा मॅनेजर होता. आजूबाजूच्या क्लबांना नुसते मॅनेजर असत. यानं आपल्या दारावर 'जनरल मॅनेजर' अशी पाटी रंगवून घेतली होती. आदल्या मे महिन्यात कमिटीनं त्याला काढलं. आता क्लबाला पन्नास वर्षं होत होती आणि समारंभात प्लासिडला शाल द्यायची की नाही, यावरून गावात दोन तट पडले होते. निम्मे म्हणत, यानं क्लब बुडवला. निम्मे म्हणत, यानंच तारला. व्हॉट्सअॅप ग्रुप तीनदा बंद करून पुन्हा चालू करावा लागला होता.

"पण मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही गं."

"म्हणून तर तुम्ही! ज्याला कळतं तो आधीच एका बाजूला जाऊन बसलाय."

पेपरामागून विनयाताईंचे यजमान सुधाकरराव म्हणाले, "जा, जा. घरात रोज देतेसच."

रविवारी चार वाजता, केळीच्या वाडीला लागून असलेल्या मैदानावर टेबल मांडलं होतं. सत्तरएक माणसं जमली होती. प्लासिड पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून नवरदेवासारखा ताठ बसला होता. शेजारी त्याची बायको मर्सी.

क्लबाचा सेक्रेटरी क्लेमेंट कागद हातात घेऊन उठला. आरोप त्यानं स्वतः लिहून आणले होते. "नऊ वर्षांत एकही कप नाही! लेस्टरसारखा फॉरवर्ड घालवला! आणि चार वर्षांपूर्वी सगळ्या टीमला नऊ नंबरचे बूट!"

मैदान खदाखदा हसलं. त्या वर्षी बुटक्यांनी बुटात वर्तमानपत्रं कोंबली होती आणि उंचांनी टाचा दुमडल्या होत्या.

दुसऱ्या बाजूनं आल्बर्ट उसळला, "आणि दिनानाथ कोणी आणला? असा गोलकीपर वसईत आहे का दुसरा?"

विनयाताईंनी हात वर केला. "चांगलं की वाईट ते मागाहून. आधी यातलं प्लासिडचं काय आणि दुसऱ्याचं काय, ते बघू. बुटांची ऑर्डर कुठाय?"

रोझमेरीनं क्लबाच्या फाइलमधून चिठ्ठी काढून दिली. 'बूट ९', एवढंच होतं तिच्यावर. विनयाताईंनी ती क्लेमेंटच्या कागदाशेजारी ठेवली. दोन्हीकडचा 'ट' तसाच, शेपटी उडवणारा.

"क्लेमेंट, अक्षर तुमचं दिसतंय."

क्लेमेंट लालबुंद झाला. "प्लासिड लग्नाला गोव्याला गेलेला... मला नऊ जोड पाहिजे होते हो! दुकानदाराला वाटलं नंबर, त्यानं अख्ख्या टीमला तोच पाठवला!"

हशा इतका मोठा झाला की वाडीतले बगळे उडाले. विनयाताईंनी प्लासिडला विचारलं, "चार वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"पाटी माझ्या दारावर होती ना, बाई."

मग पाचूबंदरचा दिनानाथ उभा राहिला. "खोटं कशाला बोलू? मला प्लासिडशेटनी नाय आनला. मर्सीमावशीनी आनला. मी होडीतून फेकलेले पापलेट एका हातानी झेलत होतो, दुसऱ्या हातात फोन होता. मावशी मासळी घ्यायची सोडून माझ्याकडंच बगत राहिली."

"घरी येऊन दोन महिने याचं डोकं खाल्लं," मर्सी म्हणाली, "तेव्हा हा उठून बघायला गेला."

इथे विनयाताईंचा बांध फुटला. कोर्टात हसू आलं की त्या ओठ चावून खाली बघत. एकतीस वर्षांचं तुंबलेलं हसू एकदम वर आलं. डोळ्यांतून पाणी, पेन टेबलाखाली, आणि सगळं मैदान त्यांच्याकडे बघून आणखी हसतंय.

लेस्टर मात्र हसत नव्हता. तो मुद्दाम अंधेरीहून आला होता. "मी बॉल पास करत नव्हतो, खरंय. पण अंकलनी सगळ्यांसमोर मला सर्कसवाला म्हटलं. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मी राहिलो असतो."

प्लासिड उठला. "चुकलो रे. त्याच रात्री कळलं होतं. पण तोंडातून शब्द निघेना."

विनयाताईंनी डोळे पुसले आणि सामन्यांचं जुनं रजिस्टर मागवलं. त्यात निघालं ते कुणाच्याच भांडणात नव्हतं. प्लासिडच्या आधीच्या नऊ वर्षांत क्लबानं दोन कप जिंकले होते, पण तेव्हा स्पर्धेत सहाच संघ असत. आता अठ्ठावीस होते. आणि त्या आधीच्या नऊ वर्षांत अकरा जण जमले नाहीत म्हणून सात वेळा समोरच्याला पुढे चाल दिली होती. प्लासिडच्या काळात एकदाही नाही. मुलींच्या टीमची कॅप्टन उन्नती म्हणाली, "आम्ही सुरुवातीला पाचच जणी होतो. अंकल रोज स्वतः गोलमध्ये उभे राहायचे, म्हणून प्रॅक्टिस व्हायची."

विनयाताई उभ्या राहिल्या. "टीचर, लिहून घ्या." हे वाक्य आपल्याच तोंडून ऐकून त्यांना पुन्हा हसू फुटणार होतं.

"बुटांचा दोष प्लासिडचा नाही. दिनानाथचं श्रेयही त्याचं नाही, ते मर्सीचं. लेस्टर गेला ती चूक पूर्ण प्लासिडची. कप आले नाहीत, हे खरं. नऊ वर्षं टीम मैदानावर उतरली, हेही खरं. मुलींची टीम त्याची, फक्त त्याची. शाल द्यावी. आधी मर्सीला द्यावी."

"आणि चुकीची शिक्षा?" क्लेमेंट अजून धुमसत होता.

"लेस्टरच्या पाच पेनल्टी. गोलमध्ये प्लासिड."

लोक खुर्च्या पाडत धावले. पाचही गोल झाले. चौथ्याला प्लासिडनं अशी उडी मारली की इस्त्रीच्या शर्टासकट तो जाळ्यात गुरफटला. लेस्टरनंच त्याला सोडवलं आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून हसत राहिले.

"आता बाईंची!" कुणीतरी ओरडलं.

एकसष्ट वर्षांच्या विनयाताईंनी पदर खोचला. जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. त्यांनी धावत जाऊन लाथ घातली, तर चप्पल सुटून उजवीकडे उडाली आणि चेंडू रखडत डावीकडे निघाला. प्लासिडनं जिवाच्या आकांतानं उजवीकडे झेप घेऊन चप्पल पकडली. चेंडू सावकाश गोलात शिरला.

उन्नती आणि तिच्या मैत्रिणींनी बाईंना उचललंच. वरून त्यांना केळीचे शेंडे, माडांपलीकडचा समुद्र आणि चप्पल छातीशी धरून बसलेला जनरल मॅनेजर दिसत होता.

फेब्रुवारीत समारंभ झाला. मर्सीला पहिली शाल, प्लासिडला दुसरी. निकाल क्लेमेंटनं स्वतः वाचून दाखवला, बुटांच्या ओळीसकट. त्यानंतरच्या सामन्यात लेस्टर पुन्हा आपल्या या जुन्या टीमकडून खेळला, एकदा नव्हे तर चारदा पास दिला, आणि भुईगाव तीन-दोननं हरलं.