अप्पांची दोन बोटं

आमच्या सासऱ्यांचा, अप्पांचा, स्वतःच्या डोळ्यांवर काडीचा विश्वास नाही. ब्रेकचं काम झालं की गाडीखाली आडवे व्हायचे, डोळे मिटायचे आणि ब्रेकचा पाइप दोन बोटांनी चाचपायचे. सैल लागला तरच गाडी गॅरेजबाहेर. मी चिडवायचो, "अप्पा, नाडी लागली का? पेशंट जगेल ना?" ते खालूनच म्हणायचे, "जावईबापू, आधी तोंडाला ब्रेक लावा."

दुसरा हट्ट म्हणजे ब्रेकला हात लावला की पहिल्या फेरीला घरचं माणूस गाडीत बसणार. आधी स्वतः बसायचे. गुडघे गेल्यापासून सासूबाई बसतात, नाहीतर माझी बायको. "माझ्या घरचं बसत नसेल तर लोकांनी का बसावं?"

त्या दिवशी माझाच ट्रक होता. माल भरला की मागून बसायचा, चाकं मडगार्डला घासायची. अप्पांनी मागच्या स्प्रिंगचे पाटे आणि चाकांचा ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून मागची बाजू चांगली चार बोटं उचलली. चासी, म्हणजे ट्रकचा सांगाडा, वर गेली, ॲक्सल खालीच राहिला, म्हणजे दोघांना जोडणारा ब्रेकचा रबरी पाइप तोकडा पडणार. म्हणून त्याचा वरचा क्लॅम्प त्यांनी खाली घेतला. मग चासीला जॅक लावून चाकं लोंबती ठेवली, कारण पाइप सगळ्यात जास्त ताणतो तो तेव्हाच. डोळे मिटले, बोटं लावली.

"सैल आहे. उतारावरून एक चक्कर मारून या."

मी जॅक उतरवायला निघालो. बायको केबिनमध्ये चढताना तिची चप्पल सुटून ट्रकखाली गेली. ती घ्यायला वाकली ती वाकलेलीच राहिली. "अप्पा, हा तर ताठ आहे!"

मी खाली घुसलो. पाइप कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणलेला, टोकाशी रबर चिरायला लागलेलं. एका खड्ड्यात तुटला असता. पुढे तो उतार, आणि शेजारी माझी बायको.

माझं डोकंच सटकलं. "याला सैल म्हणतात? स्वतःच्या लेकीला बसवत होतात, अप्पा!"

ते पुन्हा खाली शिरले. डोळे मिटून पाइपवर बोटं ठेवली. "सैलच आहे की," म्हणाले. त्या बोटांतून रक्त ठिबकत होतं. क्लॅम्पच्या धारेने चांगलं खोलवर कापलं होतं.

"अप्पा, रक्त येतंय!"

"कुठे?" डोळे उघडून ते हाताकडे बघतच राहिले. बायकोने जखम दाबून धरली. "दुखतंय?"

"नाही गं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. अप्पा धडपडत उठायला गेले, डोकं चासीवर आपटलं. "बस!" ते ओरडले. "शाळेची बस! सकाळीच मागून उचलून दिली मी!" सकाळी सासूबाई त्याच बसमधून सपाट रस्त्यावर फेरी मारून हसत उतरल्या होत्या. शाळा मात्र टेकडीवर आहे.

अप्पांना ड्रायव्हरचा फोन लावता येईना, बोट नुसतं काचेवरून घसरत होतं. बायकोने लावून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून ड्रायव्हर म्हणाला, "मुलं चढतायत, अप्पा. निघतोच आता."

"उतरव! सगळ्यांना खाली उतरव!"

"का हो? तुम्हीच तर हात लावून बघितलंत ना?"

अप्पा रडायलाच लागले. "माझ्या हाताला काही कळत नाही रे," म्हणाले. "काहीच कळत नाही."