चाळीस वर्षांची शिवी

आमच्या शिवाजी पेठेत हळू बोलणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात. घरातलं भांडण असो की लग्नाचं आमंत्रण, ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं पाहिजे. मी तर त्यातही नावाजलेला. आमच्या तालमीचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की रेफ्रीच्या शिट्टीआधी माझा आवाज ऐकू येतो, असं लोक म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. त्यामुळं गेल्या हंगामात आवाज बसला तेव्हा मी मनावर घेतलं नाही. ओरडून बसलाय, विश्रांतीनं सुटेल. हंगाम संपला, मैदानावर गवत वाढलं, तरी तो सुटला नाही. शेवटी बायकोनं मला जवळजवळ ढकलतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून माझ्या घशाचं चित्र पडद्यावर दाखवलं. स्वरयंत्राच्या एका पट्टीवर पांढरा डाग होता. नंतर भूल देऊन त्यांनी तिथला तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागणार होते. कॅन्सर असेल का, हे बायकोनंच विचारलं. मला तो शब्द तोंडातून काढवत नव्हता. आत्ताच काही सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. आणि तोवर एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद दिली.

भीती वाटली की आवाज चढवायचा, हा आमचा घरगुती उपाय आहे. नदीचं पाणी वाढायला लागलं की आमच्याकडं माणसं एकमेकांवर खेकसतात. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेले नातेवाईक लिफ्टवाल्याशी भांडतात. त्यानं खरंच जरा बरं वाटतं. माझा तोच उपाय बंद झाला होता. भीती पोटात तशीच पडून राहायची. आवंढा गिळला की घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, मग ते खरंच आहे की भास, हे बघायला पुन्हा गिळायचो. माझं नळाच्या सामानाचं दुकान आहे. घशाकडं बोट दाखवून मी मान हलवली की गिऱ्हाइकं मला बहिरा समजून आणखी मोठ्यानं ओरडायची. दुपारी कोणी नसलं की मोबाईलवर आजाराची माहिती वाचत बसायचो. घाबरून फोन पालथा ठेवायचो, आणि तरी थोड्या वेळानं पुन्हा तेच उघडायचो.

संध्याकाळी आमचा कट्टा भरतो. तालमीशेजारी चहाची गाडी आहे, तिथं आम्ही पाच जण शाळेपासूनचे. त्यातला एक आमच्या संघाचा गोलकीपर होता, मी त्याच्यापुढं डिफेन्सला. एकदा माझ्यामुळं गोल झाला तेव्हा तो मला 'मुडद्या' म्हणाला, ते आजतागायत. चाळीस वर्षांत त्यानं मला दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा 'ए मुडद्या, फोटोला ये' म्हणून ओरडला होता आणि माझ्या सासऱ्यांच्या हातातला नारळ खाली पडला होता.

तुकडा काढल्यावर मी कट्ट्यावर गेलो आणि सगळा प्रकार मोबाईलवर टाईप करून दाखवला. फोन हातोहात फिरला. दुसऱ्या संध्याकाळी मी पोचलो तर गोलकीपर खुर्चीवरून उठला.

"बसा," तो म्हणाला. "च्या घेणार न्हवं तुमी?"

कोण आलंय म्हणून मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. मग बाकीचेही तब्येतीला जपा, देवावर सोडा, असं अगदी हळू आवाजात बोलायला लागले. आमच्याकडं 'तुम्ही' म्हणतात ते सासरच्या माणसाला, घरी आलेल्या पावण्याला आणि गेलेल्या माणसाला. जिवंतपणी ज्याला 'ते बेणं' म्हणत होते, तो गेला की रक्षाविसर्जनाला 'लई मोठ्या मनाचे होते' होतो. मी चहाचा भरलेला कप तसाच ठेवला आणि घरी आलो.

मग मी कट्ट्यावर जाणं सोडलं. माझ्या डोक्यानं एक गणित मांडलं होतं. डॉक्टरांना सगळं आधीच कळलंय, त्यांनी बायकोला सांगितलंय, बायकोनं यांना सांगितलंय, आणि आता सगळे मिळून मला निरोप द्यायला लागलेत. बायको फोनवर कुणाशी बोलत असली की मी दाराआड उभा राहायचो. माझ्याच घरात मी चोरासारखा वावरत होतो.

असंच एकदा सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर स्वयंपाकघरातून माझा आवाज ऐकू आला. "अगं, मंडईत हाय, मेथी आणू का? का आज बी पिठलंच?" खणखणीत, चांगला असतानाचा. आत जाऊन बघतो तर बायको ओट्याला टेकून मोबाईल कानाशी धरून उभी होती. आवाज बसायच्या आधी मी तिला बोलून पाठवलेले भाजीचे, गॅसचे, किल्लीचे निरोप तिनं एकेक करून बाजूला काढले होते.

"ऱ्हाऊ देत म्हटलं," ती म्हणाली. "कुणी काय सांगितलं न्हाय मला. पर ऱ्हाऊ देत."

म्हणजे तिलाही काही ठाऊक नव्हतं. ती माझ्याएवढीच अंधारात होती आणि आवाज जाईल म्हणून माझी मेथी साठवत होती. मी तिच्याच फोनवर टाईप केलं, मला भ्या वाटतंय. आयुष्यात हे वाक्य मी कुणालाही म्हटलेलं नव्हतं. आणि त्याखाली कट्ट्यावरचं सगळं लिहिलं, ते 'तुमी'सुद्धा. तिनं वाचलं, डोळे पुसले, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडली. गोलकीपरचं घर आमच्या घरापासून पाचव्या दाराला आहे, त्यामुळं पुढचं मला, आणि सगळ्या गल्लीला, नीट ऐकू आलं.

"भावजी, त्यांच्या जित्तेपणी पाया पडू नगासा. पैल्यासारखं बोलायचं असंल तर या, न्हायतर येऊ नगासा."

तो तिच्या मागोमाग आला. माझ्यासमोर बसला.

"मला दुसरं नाव येतच न्हाय रं तुझं," तो म्हणाला. "आन् ते कसं घिऊ? उद्या रिपोर्टात काय आलं, तर मीच म्हणत हुतो की चाळीस वर्सं, मुडद्या, मुडद्या."

एवढं बोलून तो रडायला लागला. त्या भरभक्कम माणसाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मीही रडलो, पण मला आवाज काढायची बंदी असल्यामुळं दोघांचं मिळून तो एकटाच रडला. बायकोनं मग दोघांपुढं पोहे ठेवले. जाताना उंबऱ्यावर थांबून त्यानं ते नाव घेतलं, आधी चाचपडत आणि मग नेहमीच्या आवाजात. त्या दुपारी मी कितीतरी दिवसांनी झोपलो.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण पेशींची लक्षणं चांगली नाहीत. त्या पुढं बिघडू शकतात. दर तीन महिन्यांनी नळी घालून बघायचं. म्हणजे माझी भीती कायमची मुक्कामाला आली आहे. आवाज परतला, पण निम्माच. मैदानावर तो माझ्या शेजारच्यालाही ऐकू जात नाही. कट्ट्यावर मी तोंड उघडलं की चौघांना गप्प व्हावं लागतं, आणि ते होतात.

काल संध्याकाळी मी म्हणालो, "उद्या तपासणी हाय. लई भ्या वाटतंय."

कोणी काळजी घ्या म्हटलं नाही. गोलकीपरनं कप खाली ठेवला.

"मला बी वाटतंय," तो म्हणाला. "किती वाजता निघायचं?"