आधी मानाचे फोटो

लग्नाचा अल्बम कसा लावायचा हे मला वडिलांनी हाताला धरून शिकवलं. पहिला गणपती. मग घरातल्या गेलेल्या माणसांच्या हार घातलेल्या तसबिरी. मग थोरली मंडळी, मग आलेले पुढारी, आणि मग कुठं नवरा-नवरी. एखादा मामा राहिला की अल्बम दुकानात परत यायचा आणि त्याच्या मागोमाग मामाही यायचा. माजलगावात फोटो कसा काढलाय हे कुणी विचारत नव्हतं. कुणाला वगळलं, ते मात्र जन्मभर लक्षात ठेवायचे.

मला त्या धंद्याचा वीट आला होता. छत्तीसच्या रोलात शेवटचे दोन-तीन फोटो उरायचे, तेवढे माझे. धारूरकडची लग्नं उरकून परतताना मी ते वापरायचो. ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं. कुलपं लागलेली अख्खी गल्ली आणि तिच्यात राखणीला ठेवलेली एकच म्हातारी. फडात पाचटावर लेकरू निजवून कोयता चालवणारी बाई. सहा-सात वर्षांत असे तीसेक चांगले फोटो जमले होते. तू आयुष्यात काय केलंस, असं कुणी विचारलं असतं तर मी तेच पुढं ठेवले असते.

तेव्हा गावात नुकतंच नेट आलं होतं. पुण्यातल्या एका संस्थेची पेपरात जाहिरात आली: खेडोपाडी हिंडून फोटो काढणारा माणूस पाहिजे, आपलं काम नेटवर टाका आणि पत्ता कळवा. मी एसटीडी बूथवरून फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "दहाच टाका. तुमचे सगळ्यात चांगले दहा." पस्तिशी जवळ आली होती. ही नोकरी हुकली तर लोकांच्या मामांचे फोटो काढत मरायचं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

नेट कॅफेवाला आमच्या शेजारचाच. रेडिओ दुरुस्तीचं दुकान मोडून त्यानं तीन कॉम्प्युटर मांडले होते. तो वेबसाइट करून द्यायला तयार झाला. पण माझं मेलं तोंड! मी दुकानात बोलून गेलो की आपले फोटो आता पुण्या-मुंबईला दिसणार. दुसऱ्या दिवसापासून लोकांची रीघ. "आमच्या पोरीच्या लग्नातला टाकला का?" "सभापती फीत कापायलेत तो हाय ना, तो वर घे बे." वडिलांनी तर वही काढून यादीच केली.

मी म्हणालो, "आण्णा, त्यान्ला दहाच पायजेत."

"आन बाकीच्यान्ला मी काय सांगू? तुझा साहेब ऱ्हातो पुण्याला. आपल्याला हितं ऱ्हायचंय. कावून लोकांशी वाकडं घ्यायलास?"

कॅफेवाला मान हलवत होता. "इतने कोन देखता जी? दस रखो, बस." मी हसण्यावारी नेलं. सांगायला लाज वाटते, पण मलाही आतून वाटत होतं की अल्बम भरगच्च असला की बघणाऱ्यावर वजन पडतं. अल्बम काय नि वेबसाइट काय, मला फरकच कळला नव्हता. शेवटी एकशे वीस फोटो चढले. पहिला गणपती. दुसरे वडील, कारण स्टुडिओ त्यांचा. तिसरे सभापती. माझी ऊसतोड नव्वदाव्या फोटोच्या पुढं. खाली लाल अक्षरं सरकत होती, "आपले सहर्ष स्वागत". ती बघून मी खूश होतो. गाढव कुठला!

पंधरा दिवस उत्तर नाही. मग मी परत बूथवर गेलो. साहेब भला माणूस, त्यांनी ओळखलं.

"तीन फोटो पाहिले हो तुमचे," ते म्हणाले. "एकेक उघडायला फार वेळ लागत होता. गणपती झाला, मग कुणी गृहस्थ खुर्चीत बसलेले, मग कुणीतरी फीत कापतंय. चौथा काही येईना, मी बंद केलं. नाशिकच्या एका मुलानं आठच टाकले होते. त्याला घेतलं आम्ही."

"साहेब, ऊसतोडीचे नाही पाहिले?"



"ऊसतोडीचे होते? अहो, आम्हाला तेच तर हवे होते."

बूथमधून बाहेर आलो. चालत दुकानात गेलो. वडील काउंटरला टेकून वाट बघत उभे होते.

"काय म्हणले?"

"दुसऱ्याला घेतलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "बरं झालं बाबा," ते म्हणाले. "मला झोप न्हवती लागत. तू गेल्यावर ह्ये दुकान कुनी बघावं?" खराखुरा आनंद होता तो, त्यांना लपवताही येत नव्हता. त्यांनी हाक मारून समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले.

मी चहा प्यालो. यादी त्यांची होती, पण तिला एकदाही ठाम नाही न म्हणणारा मीच होतो, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्यांचा आलेला तो राग पुढं अठरा वर्षांनी त्यांना खांदा देतानाही माझ्या मनातून गेला नव्हता.