पिवळी होडी

"जिथं आहेस तिथंच उभा राहा. हलू नको. माणूस पाठवतो."

चाचांना कधीही फोन करा, हेच. पूर्ण ऐकूनही घ्यायचे नाहीत. नळ फुटलाय, दवाखान्यात खाट मिळत नाही, जावई रुसून स्टेशनवर बसलाय, काही असो. "हलू नको," आणि फोन बंद. त्यांच्या फोनची घंटाही बोटीच्या भोंग्याची. वाजला की शेजारची कुत्री उठायची. असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर तुमची गल्ली वाईट, दुसरं काय म्हणू.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे मुसलमान. बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. कावीळ झाली म्हणून त्यांना इथं बंगालात, खिदिरपूरच्या गोदीत उतरवलं आणि बोट निघून गेली. 'हलू नको' असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी साठ वर्षं हलले नाहीत. मी साताऱ्याकडचा, चौथी शिकलेला, गोदीत फिटर. ते मला घाटी म्हणायचे. गल्लीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि दोघांनाही एकमेकांची मराठी पसंत नव्हती.

लग्न करून बायकोला इथं आणलं. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो आणि ही बाई चूल विकत घ्यायला एकटी बाहेर पडली. एका छत्रीवाल्या बंगाली म्हाताऱ्याला विचारलं, "चूल कुठं मिळेल, चूल?" बंगालीत चूल म्हणजे केस. म्हातारा सज्जन. त्यानं तिला चार गल्ल्या पार करून न्हाव्याच्या दुकानात नेऊन सोडलं. न्हाव्यानं खुर्ची झटकली. ही तिथून जी पळाली ती हरवलीच.

संध्याकाळी घरी आलो तर दाराला कुलूप, बाईचा पत्ता नाही. चाचांकडे धावलो. ते मशिदीच्या कमिटीवर होते, हरवलेली मुलं आणि मयताच्या वेळा भोंग्यावरून तेच सांगायचे. मला पाणी दिलं, भोंगा लावला, आणि सगळ्या खिदिरपुरात मराठी घुमली. "वहिनी, मी रत्नागिरीचा. घाबरू नका. जिथं आहात तिथंच उभ्या राहा. हलू नका! हलू नका! माणूस पाठवतो."

मग उर्दूत सांगितलं, हिरव्या लुगड्यातली बाई दिसली तर कळवा. बंगालीत सांगायला तोंड उघडलं आणि वीज गेली.

बायको एका मिठाईच्या दुकानापुढं सापडली. इतकी ताठ उभी होती की नाकावरची माशी हाकलत नव्हती. परमुलखात आभाळातून मराठी ऐकू आल्यावर कोण हलेल?

दुसऱ्या दिवशी चहावाला निताई मला म्हणतो, "दादा, होलुद नौका मिली?" मला कळेना. चाचा हसून हसून बाकावर आडवे झाले. होलुद नौका म्हणजे बंगालीत पिवळी होडी. 'हलू नका'चं बंगाली कानांनी ते केलं होतं. कुणाची तरी पिवळी होडी चोरीला गेली म्हणून चार-पाच जण गंगेच्या घाटावर शोधून आले होते. एकाला हिरवी सापडली होती. ती चालेल का, विचारत होता.

तेव्हापासून माझी बायको मरेपर्यंत गल्लीची 'होलुद नौका बौदी' होती. पिवळी होडी वहिनी. तिला राग येत नसे. रंग तरी बरा आहे, म्हणायची.

चाचांचा 'माणूस' म्हणजे समोर सापडेल तो. बिहारी नळवाल्याला बंगाली विधवेकडे धाडायचे, मला गुजराती शेठच्या अडकलेल्या शटरकडे, आणि शेठची गाडी कुणाच्या तरी बाळंतपणाला. एकदा पाठवलेला माणूसच रस्ता चुकला. त्याला शोधायला मला पाठवलं. असं करत करत गल्लीत एक घर उरलं नाही ज्याचं स्वयंपाकघर मला ठाऊक नाही. मध्ये बाहेर वातावरण तापलं होतं, तेव्हा मी चाचांना विचारलं, इथं काही होणार नाही ना? म्हणाले, "ज्याच्या घरचा नळ तू बसवलायस त्याला दगड मारशील? नळ फुटेल, परत तुलाच जावं लागेल."

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगा नागपूरहून यायचा होता. खांद्याला घरचं कुणी नाही. चाचांनी माणसं पाठवली. जिन्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. मी ओरडलो, "चाचा, चौघं लागतात! एवढी कशाला?"

"खांदा बदलावा लागतो, घाटी."

मग मुलानं धरलंच. बाबा, एकटे तिथं काय करता, इकडे या. मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण सापडेना. खोली खायला उठायची, हेही खरं. पेटी भरली. किल्ली चाचांकडे दिली. ते दारातूनच म्हणाले, "जा. नागपुरात संत्री बरी असतात."

हावड्याला मोठ्या घड्याळाखाली पेटी ठेवली. फलाट एकवीस शोधतोय, तर तिथं आकडे पंधराच्या पुढं जाईनात. गाडीला पाऊण तास होता. फोन लावला.

"कुठं आहेस?"

"घड्याळाखाली. एकवीस नंबर सापडत..."

"हलू नको. माणूस पाठवतो."

उभा राहिलो. एक तास दहा मिनिटांनी माणूस आला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. बसनं बाबूघाटाला, तिथून लाँचनं नदी ओलांडून, काखेत छत्री, हातात शेंगांची पुडी.

"गाडी गेली?"

"गेली."

"अरेरे," असं म्हणून शेंगा पुढं केल्या. मग खिशातून माझ्या खोलीची किल्ली काढली.

एकवीस नंबर शेजारच्या नव्या स्टेशनात होता. चालत पाच-सात मिनिटं. कुठल्याही हमालानं दाखवला असता. चाचांना ते ठाऊक होतं, त्यांनी आयुष्यभर लोकांना तिथून गाडीत बसवलं होतं. मी कुणाला का विचारलं नाही, ते मला विचारू नका.

मुलगा फोनवर चिडला. "बाबा, स्टेशनात असून गाडी चुकली कशी?"

"उभा होतो," म्हटलं.

गेल्या थंडीत चाचा गेले. पहाटेची फजरची नमाज पढून पडले, ते उठलेच नाहीत. एवढी माणसं आली की ती कुणी पाठवली असा प्रश्न पडावा. माझा गुडघा खराब, मी मागं पडलो. कब्रस्तान मोठं, वाटा सगळ्या सारख्या. एका वळणावर बघतो तर पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. चुकलो. आणि माणूस खुळा असतो बघा, हात खिशात गेला आणि मी चाचांना फोन लावला.

डावीकडे झाडांमागं बोटीचा भोंगा वाजला.

फोन त्यांच्या जावयाच्या खिशात होता. तो गडबडून बंद करायला बघत होता, पण त्याला बटण सापडेना. भोंगा वाजत राहिला, आणि मी त्या आवाजावर चालत चालत थेट कबरीपाशी पोचलो.

तीन मुठी माती मीही टाकली. दुवा मला येत नाही. जे येतं ते म्हटलं.

"चाचा, जिथं आहात तिथंच राहा. हलू नका. माणूस येतोय."

शेजारी निताई उभा होता, आता तोही म्हातारा. डोळे पुसत त्यानं मान हलवली.

"होलुद नौका," म्हणाला.