आत्याने शेवटपर्यंत लावू न दिलेलं 'कै.'

आमची आत्या एका मेलेल्या माणसाच्या भरवशावर चाळीस वर्षं सौभाग्यवती राहिली.

आज सकाळी रामकुंडावर तिच्या अस्थी सोडल्या. घरी येऊन चहा टाकला, तो तसाच गार झाला. एका जागी बसवत नाही, म्हणून लिहितेय.

आतोबा मालवाहू जहाजावर होते. सत्तरच्या दशकात परदेशातल्या एका बंदरात उतरले आणि जहाजावर परत आलेच नाहीत.

आत्या गंगापूर रोडला आमच्याकडे राहायला आली. शाळेत शिकवायची आणि घरी नुसत्या येरझाऱ्या. फाटक वाजलं की ताटावरून उठायची.

आई म्हणायची, "अहो वन्सं, भाजीवाला आहे तो. जेवा."

बारा वर्षं झाली तसे मनमाडहून तिचे दीर आले. रेल्वेतला सरळ माणूस.

"वहिनी, आता पुतळा करून दादाचे दिवस घालू. किती भटकत ठेवायचं त्याला?"

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत.

आमच्या घरात हे आधी एकदा झालं होतं. आत्याचे पणजोबा कोकणात गलबतावर तांडेल. दर्यावर गेले ते गेलेच. शेवटी मुलाने नाशिकला येऊन त्यांचा पुतळा जाळला.

"आधी पणजोबांचं कसं केलं होतं ते नीट बघून येते," आत्या म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल ते."

मला कॉलेजला दांडी मारायला लावून तिने पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यायांचं घर गाठलं. तिथे येऊन गेलेल्या प्रत्येक यजमानाची नोंद असते, पिढ्यान्‌पिढ्यांची.

गुरुजींनी मोडीतली जुनी वही काढली. पणजोबा सापडले. नावाआधी कै., खाली मुलाची सही.

त्याच पानावर खाली आणखी एक नोंद होती, काही वर्षांनंतरची. गुरुजींनी ती दोनदा वाचली.

"हे स्वतः आलेत."

आई-वडिलांचं श्राद्ध करायला. जिवंत.

"मग घरी का नाही गेले?" मी विचारलं.

"ज्याचे दिवस घातले त्याला घरात कोण घेणार, ताई? इथे वरची नोंद वाचून दाखवली असेल कुणीतरी. तसेच माघारी वळले असतील."

आत्या उठलीच. "म्हणजे माणूस आला होता. घाई आपण केली."

रिक्षाला न थांबता ती तरातरा चालत गंगापूर रोडला आली, मी मागे धापा टाकत. दिरांना तिने सांगून टाकलं, दिवस घालायचे नाहीत.

मग काय. हळदीकुंकवाला बायकांची कुजबुज, आणि ही कपाळावर ठसठशीत कुंकू लावून हजर. मला तिचा अभिमान वाटायचा आणि भयंकर रागही यायचा. त्या नोंदीने तिला तारलं की अडकवलं, मला आजही सांगता येत नाही.

फाटकाला तिने कधी तेल मात्र घालू दिलं नाही. म्हणायची, वाजू दे.

आज त्याच गुरुजींच्या नातवाने वही पुढ्यात घेतली. आत्याचं नाव लिहिलं.

"यांच्या मिस्टरांच्या नावाआधी कै. ना?"

"नाही."

"मॅडम, त्यांचं वय धरलं तर आता..."

"माहितीये. नका लावू."

त्याने नाही लावलं.

आत्या, मी घाई केली नाही गं.

आता तू बस. फाटक वाजलं तर मी उठेन.